कच्चा ताव

चैत्र शु. ११, शके १८७८. बारामती.
दरवाजाची उजवी झडप आज उभी राहिली. बाभळीचं लाकूड, उचलायला चार गडी लागले. शिवजयंतीला नदीकाठच्या मैदानात किल्ला घेण्याचा खेळ आहे. खेळ बसवणाऱ्या मास्तरांचा हट्ट, दरवाजा गोणपाटाचा नको, जुन्या गडाला असतो तसाच पाहिजे. तालमीची पोरं ओंडका घेऊन धडका देणार. "लोकांना आवाज ऐकू आला पाहिजे, तात्या!" आवाज येईल. पण एवढं वजन तोलायचं ते बिजागऱ्यांनी.
लोखंडकाम इंदापूरला व्याह्यांकडे दिलंय. रंगराव आमच्यातलेच, सुतार, पण दोन पिढ्या भट्टीपुढं. हात चांगला. राग वाईट. दुसरीकडे काम दिलं असतं तर आमच्या शांताला तिकडे ऐकून घ्यावं लागलं असतं.

चैत्र व. १
एस.टी.च्या टपावरून माल आला. अडसर, दरवाजावर ठोकायचे सुळे, पट्ट्याच्या चार बिजागऱ्या. सुळे बघत राहावेत असे. बिजागऱ्या एकेक टांगून वाजवल्या. तीन खणखणीत. चौथी बद्द. उन्हात धरली तर सांध्यावर केसासारखी रेघ. लोखंड पुरतं तापायच्या आधीच ठोकलंय. कच्चा ताव. रंगरावांच्या हातून?
सौ.ला दाखवली. म्हणाली, "काय बी बोलू नका. पोर सातव्या महिन्यात हाय. बाळंतपणाला धाडलीच न्हाय तर?" खरं आहे. संक्रांतीला मानपानावरून रुसले तर पोरीला चार दिवससुद्धा पाठवली नव्हती.

चैत्र व. ३
ओंडक्याच्या टोकाला कोण, तर माझा पुतण्या शंकर. झडप सुटली तर सरळ त्याच्या अंगावर.
इथल्याच लोहाराकडून चौथी करून घ्यावी? पण रंगराव खेळ बघायला येणार. परक्याचं काम हाताला लागलं की ओळखतील. मग शांताचं काय.
सौ. म्हणते तोंड मिटून राहा. शंकर सकाळी येऊन झडपेला खांदा लावून गेला. हसत होता.

चैत्र व. ५
सकाळच्या गाडीनं इंदापूरला जाऊन आलो. बिजागरी पिशवीत. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं, मोडलं, पुन्हा ठरवलं.
तसाच भट्टीकडे गेलो. शांता भाता ओढत होती. या दिवसांत! ओरडणार, तेवढ्यात रंगराव म्हणाले,
"आला का गं ताव?"
"न्हाय मामंजी. अजून तांबडंच हाय."
थांबले. "आता?"
"आता आला. काढा."
त्यांनी काढलं, ऐरणीवर धरलं, ठोकलं. मग मान वर करून, "कोन हाय दारात?" मी चार हातांवर उभा.

शांतानं मागल्या दारी नेलं. "दादा, त्यांना हातभर पुढचं दिसत न्हाय. ह्यांना सांगू नका. हे कारखान्यावरनं येतील आन् भट्टीच मोडून टाकतील. मग मामंजी काय करतील?" मी पिशवीतली बिजागरी तिच्या हातात दिली. तिनं सांध्यावरून बोट फिरवलं. "ही त्या दिसाची. मला घेरी आलती. मीच 'आला' म्हणलं."
म्हणजे रेघ माझ्याच पोरीची. रागवायचं कुणावर.

रंगरावांना सांगितलं, झडप जड झाली, आणखी एक बिजागरी लागेल. माझ्यासमोर केली. शांता ताव सांगत होती, आवाजात कुठं अडखळणं नाही. मी भीतीनं तिच्याकडे बघत होतो, आणि दुसरंही काहीतरी वाटत होतं. बिजागरी वाजवली. खणखणीत.
निघताना रंगराव हळूच म्हणाले, "पाव्हणं, डोळं गेलं तरी कान हायेत. चौथी बद्द हुती. पोरीला बोलू नका."
मग पाठवली कशाला? पुन्हा करायला घेतली असती तर पोरीच्या जिवाला लागलं असतं, म्हणून?

वैशाख शु. १
झडपा बसवल्या. दिवसभरात किती वेळा उघडल्या-मिटल्या कोण जाणे. मास्तर म्हणाले, "तात्या, झिजतील की!" नवी बिजागरी खाली घातलीय. वर घालायची होती का?

वैशाख शु. २
खेळ झाला. पहिली धडक, माझे डोळे मिटलेले. दुसरीला अडसर वाकला. तिसरीला मोडला, आणि झडप उघडली, सरळ, जशी उघडायची तशी. शंकर आत पळाला. लोक ओरडत होते. मी आधी जाऊन बिजागऱ्या बघितल्या.
रंगराव गर्दीत जावयांचा खांदा धरून उभे होते. नंतर दरवाजाजवळ आले, सगळ्या सुळ्यांवरून हात फिरवला. त्यांची पाठ फिरल्यावर जावई मला म्हणाले, "दादा, आमच्या आबांना कमी दिसतंय का हो?"
"वय झालं," म्हणालो. एवढंच.

वैशाख शु. ७
शांताला आणायला इंदापूरला. आली नाही. म्हणते इथंच सुईण आहे, इथंच बाळंत होते. पेरणीच्या तोंडावर नांगराचे झिजलेले फाळ शेवटायचे, तापवून टोकं काढायची, लोकांची कामं घेऊन ठेवलीत, ताव कोण सांगेल? सासू नाही घरात. पहिलटकरीण, आणि आगीपुढं. मी चिडलो. ती रडली, पण हलली नाही.

रंगराव स्टँडपर्यंत पोचवायला आले. रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला.
"पाव्हणं, पोर न्या तुमची. मी तिला सांगतो, औषध लागू पडलं, दिसाया लागलंय."
"ती ऐकंल व्हय?"
"माझं न्हाय ऐकायची. तुमी बी म्हना. तुमच्यासमोर मी रस्त्यातला खडान् खडा ओळखला, म्हना."
"आन् ती आल्यावर? भट्टी बंद ठेवाल?"
गाडी आली.

घरी सौ.नं माजघर सारवून बाज टाकून ठेवली आहे. दारातच विचारलं, "पोर कुठं हाय?" परवा आणतो म्हणालो.
खोटं बोललो तर पोर सुखरूप घरी येईल. आणि तिकडे ते एकटे, हातात तापलेलं लोखंड, विचारायला कुणी नाही. खरं बोललो तर पोर तिथंच, आगीपुढं, आणि ही बाज रिकामी.