सर्व्हरचं ‘आत्ता’

३ मार्च, सोमवार
आजपासून मी हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात. खिडकीशी टेबल, चहा फुकट. ताई म्हणाली, तुला तर लॉटरीच लागली. कामही सोपं: रुग्णाचं नाव आणि तक्रार टाइप करायची. वेळ आपण लिहायची नाही. क्वेरीत, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आदेशात, नुसतं ‘आत्ता’ मागायचं, सर्व्हरवरचा डेटाबेस स्वतःच तारीख-वेळ भरतो. हेडक्लार्कबाईंनी मात्र बजावलं, नोंद करायची नसेल तेव्हा त्याला उगाच वेळ विचारायची नाही.

५ मार्च, बुधवार
गर्दी नव्हती, गंमत म्हणून वेळ विचारलीच. भिंतीवरच्या घड्याळात ११:०५, सर्व्हर म्हणतो ११:२५. आजच्या नोंदी काढून पाहिल्या. शेवटची ११:२२ची: सुतार, बोट कापलं. ही मी केलेलीच नव्हती.
सतरा मिनिटांनी एक सुतार आला. हाताला रक्ताने भिजलेला रुमाल.

६ मार्च, गुरुवार
हेडक्लार्कबाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. तुझ्या आधीचीही असंच विचारत बसायची, म्हणाल्या. तिचं काय झालं, असं विचारताच उठून गेल्या.

१० मार्च, सोमवार
चार दिवस मन आवरलं. आज पुन्हा विचारलं. सर्व्हर तासभर पुढे. आणि यादीत ताईचं नाव. १२:१०, पडून डोक्याला मार.
घड्याळात ११:१५. फोन लावला. उचलेना. लावतच राहिले.
भाऊजींनी नंतर सांगितलं, ती शिडीवर चढून पडदे अडकवत होती. फोन थांबेना म्हणून घाईघाईने उतरायला गेली.
१२:१०ला तिची नोंद मीच केली.

११ मार्च, मंगळवार
ताई अजून शुद्धीवर नाही. भाऊजी माझ्याकडे बघत नाहीत. आता विचारायचं नाही. बोटं मात्र तिकडेच –

१२ मार्च, बुधवार
विचारलं. माझंच नाव. ११:५०. तक्रारीपुढे काहीच नाही.
आता ११:३१. रेकॉर्ड रूममध्ये येऊन कडी घातलीय. पंखा बंद केला. कपाटांपासून लांब, मधोमध बसलेय. इथून हलायचंच नाही. हलली म्हणून तर ताई –

११:३७. दार बडवतायत. उघडणार नाही.

११:४६. अंगावर माती पडतेय. हेडक्लार्कबाई ओरडतायत, अगं बाहेर ये, वरचा स्लॅब –