पेरूवरच्या धाग्यांना नवस ठरविल्याबद्दल

प्रति,
मा. शाखाप्रमुख,
फळरचना संशोधन शाखा, वनस्पती प्रयोगशाळा,
अलीपूर, कलकत्ता

विषय : कु. लीना परचुरे यांची शिष्यवृत्ती बंद न करणेबाबत.
संदर्भ : त्यांना बजावलेली निष्काळजीपणाची आपली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार भालचंद्र परचुरे हा कु. लीनाचा आजोबा असून सदर गोंधळ त्याचाच आहे. मुलगी निर्दोष आहे.

२. कोणते फूल कोणत्या आठवड्यात उमलले याची खूण म्हणून लीना आपल्या शाखेच्या कुंपणालगतच्या पेरूवर रंगीत धागे बांधीत असे. त्यावरून वय मोजून फळे उतरवून, मेणात बसवून, त्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे आणि गरातल्या कचकचणाऱ्या दगडपेशी केव्हा, कशा घट्ट होतात ते दाखवावयाचे, असे तिचे काम. घरी ती हे रोज समजावून सांगे. अर्जदार नुसती मान डोलवी.

३. श्रावणात मंगळागौरीच्या फराळाला शेजारच्या शैलाबाईंनी त्या धाग्यांविषयी विचारले. पेशीबिशी सांगत कोण बसतो, म्हणून अर्जदाराने "तो पेरू नवसाला पावतो, उगाच का सरकारने कुंपण घातलंय!" असे ठोकून दिले. अर्जदाराच्या थापांवर आजवर कोणी विश्वास ठेवलेला नाही. शैलाबाईंनी मात्र कुंपणावरून हात घालून धागा बांधला. आणि त्यांचे यजमान श्रीकांतराव यांची फोर्ट विल्यमच्या लष्करी कचेरीतून थेट पुण्याला बदली झाली.

४. पुढचे आपण खिडकीतून पाहतच आहात. बदलीच्या आशेवर बसलेली इतकी मराठी कुटुंबे या शहरात आहेत, याची अर्जदारास कल्पना नव्हती. आता बंगाली शेजारणीही येतात. त्या जंजाळात लीनाच्या खुणा बुडाल्या. "आजोबा, यातला माझा धागा कुठला?" एवढेच तिने विचारले. चार शब्द सुनावले असते तर अर्जदाराला घास तरी गिळवला असता.

५. अर्जदाराने झाडाखाली उभे राहून सर्वांसमक्ष खरे सांगितले. त्यावर "काका, पुरे झाल्या तुमच्या थापा!" असे म्हणून बायका हसल्या आणि गाठी मारीत राहिल्या.

६. तरी विनंती की, शिष्यवृत्ती चालू ठेवून लीनाला पुढच्या बहराला पुन्हा संधी द्यावी. तोवर अर्जदार कुंपणापाशी राखणीला बसेल, तोंड मिटून. झाडावरचे धागे आपण खुशाल कापून टाकावेत. सर्वांत खालच्या फांदीवरचा हिरवा तेवढा, आपला निर्णय होईपर्यंत, राहू द्यावा. तो अर्जदाराने काल बांधला आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला अपराधी,
भालचंद्र परचुरे
भवानीपूर, कलकत्ता
दि. २२ सप्टेंबर १९७२