मिल्काचं वय

शनिवार, ५ नोव्हेंबर १८६४

नेली! माझ्या लेकीला, मिल्काला उचलून नेली! मी मका सोलायला गेले होते. तेवढ्यात आमचा जुना मालक हॅस्लेट गाडी घेऊन आला. ज्यूबा मावशी दारात आडवी आली, तर म्हातारीला ढकलून दिलं. मंगळवारी कायद्यानं गुलामी संपली, आम्ही स्वतंत्र झालो, आज शनिवार. मेल्याला चार दिवससुद्धा धीर धरवला नाही!

रविवार, ६ नोव्हेंबर

त्याच्या फाटकाशी गेले. कुत्री सोडली माझ्यावर. वर ओसरीवरून म्हणतो कसा — "लेटी, ती आता माझ्याकडे कामाला बांधलेली उमेदवार आहे. अठराची होईपर्यंत काम शिकवीन तिला. कायदाच आहे तसा." काम शिकवणार! याच्या सदऱ्याची बटणंसुद्धा आम्ही लावली, आणि हा शिकवणार! म्हटलं, तिला आई आहे, बाप लढाईवर गेलाय. तर म्हणे, "तू तिला पोसणार कशावर?" इतकी वर्षं याला कोणी पोसलं?

मंगळवार, ८ नोव्हेंबर

कोर्टात गेले, आठ मैल चालत. न्यायाधीश म्हणाला, पोरगी चौदा पूर्ण असेल तर तिच्या मर्जीशिवाय बांधता येणार नाही. मला हसूच फुटलं. उन्हाळ्यातच झाली की चौदा!

हॅस्लेटनं वही काढली. मिल्का — बारा. "हिनंच सांगितलेलं वय आहे, साहेब."

हो, सांगितलं! तेरा लागलं की हा पोरी जॉर्जियाच्या दलालाला विकायचा. माझी बहीण माझ्याआधी याच्याकडे होती, ती तशीच गेली. मिल्काला घेऊन मी याच्या मळ्यावर आले तेव्हा ती पाच वर्षांची होती, मूठभर दिसायची. मी तीन सांगितली. खपून गेलं.

न्यायाधीश विचारतो, "तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेयस?"

थोबाडीत मारल्यासारखं झालं. तेव्हा खरं बोलले असते तर पोर आज कुठे असती, हे विचार ना रे!

गुरुवार, १० नोव्हेंबर

ज्यूबा मावशीला घेऊन गेले. आसपासच्या सगळ्या मळ्यांवर तीच सुईण होती. "माझ्या हातावर आलीय पोरगी," म्हणाली. साक्ष घेतलीच नाही. गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नाही म्हणे! बाहेर येऊन मावशी पायरीवर थुंकली. "यांच्या पोरांच्या नाळा कापल्या तेव्हा माझा हात चालला, आता तोंड चालत नाही होय!"

 

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

न्यायाधीश वैतागला. साक्ष म्हणून नाही, पण सोमवारी पोरीलाच विचारतो म्हणाला, ती सांगेल ते धरायचं. सुटलो! तिला तिचं वय चांगलं ठाऊक आहे. हॅस्लेट मला भेटू देत नाही तर न देवो! सोमवारी हात धरून घरी आणते. मक्याची भाकरी, खारवलेला मासा — तिला आवडतं ते सगळं करते.

सोमवार, १४ नोव्हेंबर

विचारलं. हॅस्लेट शेजारीच उभा. मिल्कानं माझ्याकडे पाहिलं आणि एका दमात म्हणाली, "बारा, साहेब."

मालकासमोर वय विचारलं की खरं सांगायचं नाही, दोन कमी सांगायची — फटके देऊन मीच पाठ करून घेतलं होतं. सांगून झाल्यावर माझ्याकडे बघून हसली. बरोबर सांगितलं म्हणून.