काकांच्या सहीची जागा

हुडकेश्वर, नागपूर
७ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप मनोहरकाका,

साष्टांग नमस्कार. सुभद्राकाकूंनाही सांगा. आम्ही इकडे बरे आहोत. श्वेताची शाळा सुरू आहे. घरासमोरचा रस्ता तिसऱ्यांदा खोदून ठेवलाय. पारशिवनीत थंडी इथल्यापेक्षा जास्तच असेल. काकूंचा गुडघा कसा आहे?

वर्षभर गप्प राहून एकदम पोस्टाने पत्र कसं, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मला पूर्ण बोलू दिलं नसतं. "जाऊ दे ना गा" म्हणून मोकळे झाले असते.

आधी बातमी. मुंबईच्या ॲप कंपनीशी केलेला करार गेल्या रविवारी संपला आणि मी तो वाढवला नाही. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा आपला पॉडकास्ट आता पहिल्यासारखा मोकळा होईल. कोणत्याही ॲपवर, कसल्याही फोनवर, कोणालाही ऐकता येईल. नावही परत 'काहून गा?' त्यांनी 'असं का?' केलं होतं, ते माझ्या जिभेवर कधी बसलंच नाही.

करार करायच्या आधी तुम्ही म्हणाले होते, "ज्यायच्या सवालावर आपला कार्यक्रम चालते, थेच आयकू शकत नसतील तं आपण कोणासाठी बोलून राहिलो?" मी म्हणालो, ॲप फुकट आहे, लोक घेतील. नाही घेतलं, काका. दहातले दोनही आले नाहीत. व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न थांबले. शेवटी शेवटी प्रश्न मीच बनवायचो आणि उत्तरंही मीच द्यायचो. संत्र्याच्या फळगळीबद्दल तर पुस्तकातून वाचून बोललो. तुम्ही ऐकलं नसेल तर बरंच.

फेब्रुवारीत काटोलहून जयवंताबाई आल्या होत्या. आठवतात? ओलिताच्या पाळ्या विचारायच्या त्या. पानठेल्यावर विचारत विचारत घर शोधलं. हातात संत्र्यांची पिशवी. दारातच म्हणाल्या, "काका कोणत्या दवाखान्यात हायेत, भाऊ?"

मी खुर्ची पुढे केली.

"दोन महिने झाले, आवाज नाही," त्या सांगत होत्या. "सून म्हणे नवीन ॲप घ्या लागते. घेतलं तं माहा फोनच अटकला. काकायनं सांगतलं तसं पाणी देलं, म्हणून यंदा झाडावर फळ टिकलं. म्हटलं, चार तं त्यायले नेऊन द्याव."

मी म्हणालो, काका आता बरे आहेत, पण डॉक्टर कोणाला भेटू देत नाहीत. त्या पिशवी ठेवून, चहा न घेता, पाचची बस गाठायला निघून गेल्या. पिशवी कुठून आली असं श्वेताने विचारलं, तेव्हा मी बाजारातून म्हणालो. संत्री आम्हीच खाल्ली.

आता तुम्ही विचाराल, दवाखाना कुठून आला?

कंपनीला एकच आवाज हवा आहे, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. कंपनीच्या मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, "मीटिंगला काका पण येणार ना?" आणि माझ्या तोंडून निघालं, त्यांची तब्येत बरी नसते. तुमच्या 'थे' आणि 'काहून'ची मला त्या काचेच्या ऑफिसात लाज वाटली. दुसरंही एक होतं. लोक मला मेसेज करायचे आणि लिहायचे, "काकाले सांगा." नेहमी काकाले. माइक माझा, कापणं-जोडणं माझं, आणि माझं नाव कोणाला माहीत नव्हतं. मग पॉडकास्टच्या जुन्या जागेवर श्रोत्यांसाठी शेवटचा निरोप टाकताना मी सांगून दिलं की काका आजारी आहेत, विश्रांती घेत आहेत. तुम्ही तो ऐकला असता तर फोन केला असता, असं मी मानून घेतलं. कदाचित ऐकलाही असेल.

जयवंताबाई येऊन गेल्यावरसुद्धा मी दहा महिने गप्प राहिलो. नोव्हेंबरात मॅडमनी नवा करार पाठवला. त्यात आपले जुने चौऱ्याहत्तर भाग त्यांना कायमचे हवे होते. खाली दोन सह्यांच्या जागा होत्या, एक माझी, एक तुमची. मी म्हणालो, काकांना विचारावं लागेल. त्या सहज म्हणाल्या, "ते आजारीच असतात ना? त्यांच्या वतीने तुम्हीच करून टाका."

माझी सही करून झाली होती. तुमच्या नावावर पेन टेकवला आणि परत उचलला. तुम्ही कृषी सहायक होतात तेव्हा गावोगाव सायकलवर फिरून लोकांचे अर्ज भरून द्यायचे, पण सही ज्याची त्यालाच करायला लावायचे, हे बाबा सांगायचे. कागद फाडला आणि मॅडमना फोन करून सांगितलं, काका कधीच आजारी नव्हते.

पहिला नवा भाग मी एकट्याने रेकॉर्ड केला आहे. हेच सगळं त्यात सांगितलं आहे, जयवंताबाईंचं नाव घेऊन त्यांची माफी मागितली आहे. तुमच्या हाती हे पत्र पडेपर्यंत तो बाहेर काढणार नाही. जुन्या भागांत तुमचा आवाज आहे. तुम्ही हो म्हणालात तरच ते मोकळे करीन, नाही म्हणालात तर पुसून टाकीन. परत माझ्याबरोबर बोलायला बसा, असं मी म्हणत नाही. तुम्हाला एकट्याने चालवायचं असेल तर पासवर्ड सोबतच्या चिठ्ठीत आहे. तो मी बदललेला नाही.

काकूंना यातलं किती सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

तुम्हाला आजारी पाडणारा,
गौरांग