कापलेलं पुढे लागलं तर

४ एप्रिल १९९३, धुळे. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांची असतेच.
मायच्या लोणच्याच्या दोन बरण्या ताब्यात घेतल्या. पहिलीत गवत उकळून गार केलेलं पाणी, आणि त्यात माझं पॅरामिशियम. ड्रॉपरनं वेचून एकच पेशी सोडली. वंश शुद्ध हवा. माझे गाइड, जळगावचे पितांबर सर, यांनी आग्रहानं मेहरूण तळ्याचं पाणी दिलं. त्यातही पॅरामिशियम आहेत, पण भलत्यासलत्या घराण्यांचे. दुसऱ्या बरणीत ओतून खिडकीत ठेवलं.
३१ मेच्या आत यांच्या जोड्या जमवून दाखवल्या की पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन. मी २० एप्रिल धरून चाललोय.

६ एप्रिल. अमळनेर.
मुलगी पाहिली. रतिलाल नानांची निर्मला, शाळेत शिकवते. पोहे येईपर्यंत विषय समजावला. या जिवाला एकच पेशी, पण केंद्रकं दोन. मोठं रोजचा कारभार बघतं, छोटं गप्प बसून मूळ प्रत सांभाळतं. दोन जीव जोडीनं चिकटले की पुढे जुनं मोठं केंद्रक मोडीत निघतं, छोट्यावरून नवं तयार होतं, आणि होताना डीएनएचे हजारो बिनकामाचे तुकडे कापून टाकले जातात.
तिनं विचारलं, कापलेलं पुढे लागलं तर? मी हसलो. बी.एड.वाल्यांकडून आणखी काय अपेक्षा.
हसते छान. (हे वाक्य नंतर खोडणे.)

९ एप्रिल. सकाळी ६.
निश्चय! पेशी करते तेच मी करणार. आयुष्यातले बिनकामाचे तुकडे आजपासून कट. चहा. पत्ते. दुपारची झोप. अमळनेरचं स्थळ. नानांना कार्ड टाकलं, की जोड्या जमेपर्यंत आमचा विचार नाही. दारावर कागद लावला: ‘बरणीत जोड्या जमेपर्यंत या घरात लग्नाचा विषय काढू नये.’ मायला वाचता येत नाही म्हणून दोनदा वाचून दाखवला.

त्याच दिवशी, दुपारी ४.
चहा घेतला. अर्धा कप. दूध नासलं असतं.

२१ एप्रिल.
त्या एका पेशीच्या हजारो झाल्या. आजपासून त्यांचं खाणं बंद. उपाशी पडल्याशिवाय जोडी जमवत नाहीत.

२४ एप्रिल. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.
मायनं बरणीत दूध टाकलं. विचारलं तर म्हणे, “सणना दिन कोनी उपाशी ऱ्हास का?” तीन दिवसांची तपश्चर्या गेली. रागानं पुरणपोळी खाल्ली नाही. मग आमरसाबरोबर चार खाल्ल्या.

६ मे.
उपास कडक. जोडी शून्य. धुळ्याचं ऊन कारणीभूत दिसतं. दुपारची झोप पुन्हा सुरू केली, तीही उन्हामुळेच.
मायला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. या सगळ्या एकीपासून झालेल्या, असं अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, “मंग या बठ्ठा एकज मायना पोरे शेतस. यासनी सोयरीक कशी व्हई?” विज्ञानात नातीगोती बघत नाहीत, हे तिला समजेल अशा भाषेत सांगितलं. ऐकत होती. भांडी घासत होती.

१५ मे.
पत्ते खेळलो. डोकं मोकळं राहण्यासाठी. हरलो.

२३ मे. जळगाव.
सरांनी विचारलं, किती पेशींपासून सुरुवात केली? एक, म्हणालो. चहा येईपर्यंत ते हसत होते. एकीचं सगळं गोत एकाच प्रकारचं. जोडीला दुसऱ्या प्रकारचं लागतं. मेहरूणचं पाणी त्यासाठीच दिलं होतं म्हणे.
मला पहिल्यापासून हीच शंका होती.
आठ दिवस हातात आहेत. उद्या दुपारच्या एसटीनं धुळे. दोन्ही पाणी मिसळायचं. जोड्या जमल्या की अमळनेरला होकार. निर्मला थांबली असेलच. माणूस बघून लोक थांबतात.

२४ मे. धुळे. सायं. ६.
घरी आलो तर दोन्ही बरण्यांचं पाणी एका पातेल्यात! एक बरणी राखेनं लख्ख घासून फळीवर, बुंदीनं भरलेली. मी ओरडलो. मग थेंबभर काढून मायक्रोस्कोपखाली धरलं. जोड्या. जिकडे बघावं तिकडे जोड्या. कधी ओतलंस विचारलं, तर माय म्हणाली, दुपारी, नळ गेल्यावर. नळ अडीचला जातो, म्हणून नोंदवहीत २.३० लिहिलं. रजिस्ट्रेशन होणार!
दारावरचा कागद मीच फाडला. म्हटलं, माय, अमळनेरला निरोप धाड. होकार म्हणून.
तिनं फळीवरची बरणी खाली काढली. मग म्हणाली, “बुंदी तठलीज शे. काल निर्मलानं लगीन व्हयनं.”
मला का नाही सांगितलं विचारलं. तिनं दाराकडे बोट केलं. “तूच सांगेल व्हतं ना, विषय काढानं नही.”

सायं. ६.४०.
वाईट वाटतंय. खूप.
निर्मलाच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. पेशी कापते ती नव्या प्रतीतून. मूळ प्रत छोट्या केंद्रकात अख्खी ठेवते, मग कात्री लावते. हसण्यापेक्षा एवढं सांगितलं असतं तर चाललं असतं.
बुंदी चांगली होती. दोनदा घेतली.