‘सोनखळं’चा शेवटचा डबा

ता. ३ फेब्रु., मेहकर

इनामते वारले. वारून बरेच दिवस झाले म्हणे. पेपर आज हाती आला, तोही अक्कानं रेशनची साखर बांधून आणलेला. वर मोठा फोटो, खाली ‘चित्रसृष्टीचा सूर्य मावळला’. याच पेपरनं त्यांनी काढलेला मागचा बोलपट आला तेव्हा एक ओळ छापली नव्हती. मेल्यावर सूर्य.

मोटारस्टँडवर वकीलसाहेबांनी गाठलं. ते वाचनालयाचे चिटणीस. महिनाअखेर शोकसभा घ्यायची, बोलायला माणूस नाही.

“सगळ्या तालुक्यात त्यांचे सगळे बोलपट पाहिलेला तूच एक रिकामटेकडा आहेस,” म्हणाले. “इनामते आणि त्यांची कला. अर्धा तास बोल. नीट झालं तर अमरावतीच्या साप्ताहिकात माझा मित्र आहे, त्याला सिनेमावर लिहिणारा माणूस हवाच आहे.”

मी हो म्हटलं. अक्काला सांगितलं तर ती म्हणते, “हे तरी नीट कर. नाई जमलं तं गुपचूप कापसाच्या जिनात जा. तुह्या भाऊजीनं जागा धरून ठेवली हाये. किती दिस फिरशीन बे असा?”

जिनात नाही जाणार. तिथं माणसाच्या नाकातसुद्धा सरकी उगवते.

ता. ५

लिहायला बसलो. ‘इनामते थोर होते.’ पुढं काही येईना. कल्हईवाला आला होता, त्याचा भाता पाहत बसलो. दुपार गेली.

ता. ६

काऊन थोर होते? हे कोणी विचारत नाही. वकीलसाहेबांनी (व.सा. लिहीन यापुढं) स्वतः एकच बोलपट पाहिलाय, तोही नागपूरला, अर्धा. बाकी सगळे ‘त्यांनी कलेची सेवा केली’ असं म्हणतात. कला काय आजारी होती?

मी पाहिलं ते असं. संतांचे बोलपट पोकळ. इनामत्यांचा संत सदा आढ्याकडे पाहतो, देव जसा काही कौलात बसलाय. किल्ल्यांच्या बोलपटात मावळ्यानं दरवाजाला खांदा दिला की बुरूजसुद्धा हलतो. पण शेवटची मिरवणूक चांगली आहे, ती मानली पाहिजे. सामाजिक बोलपटात इस्त्रीचं धोतर नेसलेला एक डॉक्टर खेड्यात येतो आणि जो भेटेल त्याला भाषण ठोकतो. इनामत्यांना भाषणाचा फार सोस.

हे सभेत बोललो तर मारतील.

पण मग ‘सोनखळं’ आहे. त्या एकापायी सगळं माफ.

मथुरा, दिराच्या घरी राबणारी विधवा. जन्मभर दुसऱ्याच्या खळ्यावर धान उपणते. मरते. पडदा काळा. तंबूत कोणी खोकतसुद्धा नाही. आणि मग ती पुन्हा दिसते, खळ्यावर, उंच तिपाईवर उभी, हातात सूप, भुसा वाऱ्यावर चाललाय, आणि ती हसते. कोणाकडं पाहून हसते ते दिसत नाही. पडदा पांढरा. संपलं. नाही भाषण, नाही देव.

बीबी गावच्या बाजारात पाहिला होता, फिरत्या सिनेमाच्या तंबूत. पुन्हा आला, पुन्हा पाहिला. मेलेल्या बाईला तिच्या कामावर परत आणून हसवायचं, हे सुचायला केवढं डोकं पाहिजे. मी घर सोडून तंबूंच्या मागं हिंडलो ते त्या हसण्यापायी. अक्काला हे सांगून उपयोग नाही.

सभेत फक्त शेवटावर बोलायचं. ठरलं. व.सां.ना सांगितलं, ते खूश. हँडबिलावर तेच छापतो म्हणाले.

ता. ९, खामगाव

शेगावला उत्सवाच्या गर्दीसाठी मोठा तंबू लागलाय, त्यात ‘सोनखळं’ चालू आहे असं कळलं. सभेआधी एकदा डोळ्यांखालून घालावा म्हणून निघालो. कोळशाच्या गॅसवरची मोटार. चढावर सगळे उतरून ढकला, उतारावर पळत जाऊन बसा. तिकीट कशाचं घेतात देव जाणे.

खामगावात उतरलो तो एक फुलबाज्यांची दारू घोटणारा भेटला. हिरवा रंग कशानं येतो ते दाखवतो म्हणाला. राहिलो. अजून दाखवलं नाही. उद्या निघतोच.

ता. १२, शेगाव

पाहिला.

काय लिहू.

खळ्यावरचं हसणं मध्येच आलं. ती मरायच्या आधी. पुरती जिवंत, धडधाकट. आणि हसते कोणाकडं? वासराकडं. वासरू राशीत तोंड घालतं, पुढच्याच चित्रात दाखवलंय. दीर येऊन वासराला हाकलतो. झालं. बीबीत ते वासरू कधी दिसलं नाही.

मग बरंच रडगाणं, मग ती मरते, आणि मग दीर उभा राहतो. हातात तांब्या. भाषण. कुटुंब, कर्तव्य, भारतीय स्त्री. वाजवीपेक्षा लांब. मागं पेटी वाजते. वरती ढग. माझ्या शेजारचा माणूस झोपला होता, त्याला जाग आली ती पेटीनं.

मॅनेजरला जाऊन सांगितलं, तुमची रिळं उलटसुलट लागली.

“डब्यावर नंबर हायेत,” तो म्हणाला.

“नंबर चुकीचे असतील.”

“मंग कंपनीले चिठ्ठी लिहा ना भौ. लिव्हता येते ना?”

डबे दाखवले त्यानं. कंपनीचा शिक्का, कंपनीचे आकडे. चूक नाही. आज पुन्हा पाहिला. तेच. वासरू आहेच.

ता. १३

भक्तनिवासाच्या ओट्यावर पडून आहे. दर्शनसुद्धा घेतलं नाही. म्हणजे मी इतकी वर्षं ज्या गोष्टीपायी इनामत्यांना मानत आलो ती त्यांनी केलीच नाही. मग केली कोणी? बीबीच्या तंबूत मशीन चालवायचे हबीबभाई. त्यांना धरायचं.

ता. १७, बीबी

हबीबभाई सापडले. तंबू इथंच, बाजाराच्या मैदानात. इंजिन उघडून बसले होते, कोपरापर्यंत तेल. मला ओळखलं.

“अबे तू. तुले फुकट बसू देत होतो मी बाकाखाली.”

‘सोनखळं’चं विचारलं. जराही चपापले नाहीत.

“हाव. म्याच लावत होतो तसं.”

“काऊन?”

“बाजाराचा दिवस ना गड्या. पयल्या साली एका खेळात शेवटी पडद्यावर मानूस मेला. लोक तसेच घरी गेले. वाटंत एकाचा बैल पडला. दुसऱ्या दिवशी पाटील आले, म्हने हबीब, पडद्यावर मुर्दा ठेवून आमाले घरी धाडशीन तं तंबू उखडून टाकीन. हसतं तोंड पाहून मानूस गेला पाह्यजे. तवापासून ज्या खेळात मौत हाये, त्याचं सगळ्यात खुशीचं रीळ म्या बाजूले काढून ठेवतो. मौत झाली का मशीन बंद. मंग ते लावतो, हासू आलं का पुन्हा बंद. इकडं सगळीकडं असंच चालते.”

“आणि भाषण?”

“ते मौतीच्या मागंच हाये त्याच रिळात. कोन ऐकते? लोकाइले गाड्या जुपाच्या असतात.”

मी विचारलं, तो किल्ल्याचा बोलपट? मिरवणूक?

“त्याच्यातही मौत हाये ना.”

डॉक्टरचा?

“त्याच्यात खुशीच नाई. तो पाटलानं बंदच पाडला.”

संतांचे?

“संत तं वर जाते. ते शुभच झालं. ते जसेच्या तसे.”

म्हणजे ज्यांना मी नावं ठेवतो तेवढेच काय ते इनामत्यांचे मी पाहिलेले. बाकीचे पाटलाचे.

ता. १८, बीबी

रात्रभर डोकं भणभणलं. सकाळी हबीबभाईंना म्हटलं, मग थोर तुम्हीच. ते चिडले.

“म्या काय केलं? डबा बदलला. ती बाई म्या हासवली का? तो भुसा म्या उडवला? वारा कुठून येते, उजेड कुठं पडते, ते त्या मानसानं पाह्यलं. माह्या अंगावर नको टाकू तुहं लचांड.”

खरंय. हसणं इनामत्यांचंच. पण त्याची किंमत त्यांना कळली नाही. वासरू घालून वाया घालवलं. की तेच बरोबर, आणि मला वासरू सोसत नाही? चिडलोय कोणावर तेच नक्की नाही. पाटलावर चिडून पाहिलं, जमलं नाही.

बाजारात मिरच्या विकणारी एक म्हातारी, तंबूची जुनी गिऱ्हाईक. तिला सगळं सांगितलं. खरा बोलपट तसा नाही, हसणं आधी, मरण मग, वर भाषण. तिनं नीट ऐकून घेतलं.

“त्यांनी असं कामून केलं म्हणावं?”

“त्यांना तसंच हवं होतं.”

“मंग इतक्या मोठ्या माणसाला कोणी सांगितलं न्हाई व्हय?”

पाव शेर मिरच्या घेतल्या. अक्काकडं चालतील.

ता. २२, मेहकर

व.सां.ना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. फार पुसला.

“ही शोकसभा आहे, उलटतपासणी नाही. त्या शेवटात तुला जे दिसलं ते बोल. रिळांचं बोलायचं कारण काय?”

“पण तो शेवट त्यांचा नाही.”

“हँडबिलं वाटून झाली.” एक काढून दाखवलं. ‘‘सोनखळं’च्या शेवटाचे मर्म’, खाली माझं नाव. ‘आणि इतर’ मध्ये ते स्वतः.

पुढं आणखी. इनामत्यांच्या पत्नी येणार आहेत. शेगावपर्यंत आगगाडी, तिथून मोटार. भाषण झालं की त्यांच्यासमोर ‘सोनखळं’ दाखवायचा. शेगावचा रिळांचा संच मागवलाय, तंबू बीबीचा, मशीनवर हबीबभाई.

मी म्हटलं, “मग माझ्या भाषणानंतर लगेच लोकांना दिसेल की मी खोटं बोललो.”

“तर मग खरं बोल.”

“मग शेवटात मर्म काही नाही. तांब्या आहे.”

त्यांनी पुन्हा चष्मा काढला. मी उठून आलो. शिकलेल्या माणसाशी बोलून डोकं दुखतं. तो कबूलही करत नाही आणि नाकारतही नाही.

ता. २५

भाषण लिहिलं. फाडलं. लिहिलं. अक्का वाचून दाखव म्हणाली. दाखवलं. ती रोट्या थापत होती.

“छान हाये. पन तू भांडून राह्यला कोनासंग? मेलेल्यासंग?”

“हो.”

“मंग तो उत्तर देनार नाई. जेव.”

ता. २७, सभेचा दिवस

दुपार. तंबूच्या मागं बसलोय. बीबीच्या गाड्या आल्या, पहाटेच निघाल्या असतील. बैल सोडलेत, बायका झाडाखाली भाकरी खाऊन राहिल्यात. मिरचीवाली म्हातारीसुद्धा. मला पाहून म्हणाली, “आज ती येती ना बाबा, शेवटी?” मी मान हलवली. कशीही घ्या.

हबीबभाईंनी डबे मांडले. दोन वेगळे काढले, एक खळ्याचा, एक मरणाचा.

“सांग. कसा लावू?”

“तुम्ही सांगा.”

“म्या कायले? बीबीत पाटलाचा हुकूम होता. इथं पाटील नाई. त्या बाई आल्या तं त्याइच्या नवऱ्याचा खेळ हाये, नंबरानं लावला पाह्यजे. पन हे गाड्याभर लोक नंबरासाठी नाई आले.” बिडी पेटवली. “भाषन तू करनार. तू जे बोलशीन तसा लावतो.”

भाषणं दोन झालीत खिशात. एकात मथुरा परत येते. दुसऱ्यात तांब्या आहे, वासरू आहे, आणि एवढ्या मोठ्या माणसाला एवढंसं कसं कळलं नाही म्हणून मी आरडाओरड केली आहे. दुसरं जास्त चांगलं लिहिलंय, हेच वाईट. ते वाचलं तर साप्ताहिक कदाचित मिळेल. त्या बाई समोर खुर्चीवर बसणार. पहिलं वाचलं तर मी जन्मभर त्यांच्या नवऱ्याची स्तुती पाटलाच्या डोक्यानं करत राहीन.

बाईंना आधी विचारावं का? काय विचारणार? तुमच्या यजमानांना ते हसणं आवडायचं का, एवढंच विचारलं तर?

मोटार आली वाटतं. स्टँडवर बँड वाजला, व.सा. हार घेऊन धावले असतील.

हबीबभाई इंजिन पाहायला उठले. जाताना त्या दोघांतला एक डबा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. “धर तवर. धुळीत नको.” वजन बरंच आहे. त्याच्यावरच वही टेकवून हे लिहून राहिलो. कोणता आहे ते उलटून पाहिलं नाही अजून.