टाकीमागचं प्रिमरोझ

भाईंदर (पूर्व),
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. सौ. संपदा हिस हरिदादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तू फोन उचलत नाहीस. सोलनला थंडी सुरू झाली असेल. परागरावांचा खोकला आणि तुझा स्वभाव दोन्ही आटोक्यात असावेत. इकडे आम्ही सर्व क्षेम. तू पाठवलेल्या बियांचं क्षेम मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

आमच्या तळमजल्यावर विमलाबाई राहतात, मूळच्या इथल्याच गोडदेव गावच्या. पाण्याच्या टाकीमागे सावलीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिथे खुर्ची टाकून त्या दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बसतात (घरात सून, नातवंडं आणि टीव्ही, तिघंही एकदम बोलतात). सोसायटीचे सेक्रेटरी दिपेशभाई यांना ती पट्टी स्कूटरसाठी हवी आहे. सभेत मी उठून म्हणालो, तिथे बाग करू. "साब, वहाँ धूप ही नहीं आती, क्या उगेगा?" असं त्यांनी विचारलं आणि मला तू आठवलीस. सावलीत, गारव्यात फुलणारी फुलं तुझ्याशिवाय कोण पिकवणार? ठराव झाला: सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाच्या वेळी फुलं दिसली तर बाग, नाही तर स्कूटर. विमलाबाईंची खुर्ची अशी तुझ्या बियांवर टेकली.

तू सुचवलेल्या फुलाच्या नावाचा, प्रिमरोझचा, विग्रह मी 'पहिला गुलाब' असा केला होता, तो तू फोनवर हाणून पाडलास. त्यानंतर तुझ्या सूचना आल्या, सगळ्या आज्ञार्थी. पुडी फ्रिजमध्ये ठेव, पेरल्यावर वर माती घालू नकोस, ओल मोडू देऊ नकोस, तीन आठवडे धीर धर. (विध्यर्थ वापरला असतास तर तुझं काही बिघडलं नसतं.) पुडी आली तेव्हा मी शाळेत होतो, तुझ्या वहिनीनेच ती फ्रिजमध्ये ठेवली. नेमलेल्या दिवशी मी फ्रिजमधून रबरबँड लावलेली बियांची पुडी काढली, पसरट कुंडीत पेरली आणि टाकीमागे स्टुलावर ठेवली. आठवड्याच्या आतच कोंब आले. तीन आठवड्यांचं काम इतक्या लवकर झालं याचं श्रेय मी आमच्या हवेला दिलं आणि निश्चिंत मनाने संस्कृत शिबिरासाठी नाशिकला गेलो.

इकडे नवरात्र बसलं. मातीत दाट कोवळे कोंब, खाली पाट म्हणावा असा स्टूल, पेरणारा संस्कृतचा मास्तर. यावरून विमलाबाईंनी जे अनुमान काढलं त्यात तर्कशास्त्राच्या दृष्टीने मला खोट काढता येत नाही. त्यांनी त्या कुंडीचा घट मानला. टाकीच्या पाइपवरून रोज झेंडूची माळ सोडली. तुझ्या वहिनीने जाता-येता ते पाहिलं, पण ती मला काही बोलली नाही. ("म्हटलं, सुधारलात. कशाला टोका?") दसऱ्याला मी परतलो तर फाटकाशी दिपेशभाई उभे, कानामागे प्रिमरोझ. वॉचमनच्या टोपीत प्रिमरोझ. बायकांच्या अंबाड्यांत प्रिमरोझ. घट उठवून विमलाबाईंनी एकेकाला कोंब वाटले होते, आणि खुर्ची राहू दे म्हणून देवीला साकडं घातलं होतं ते वेगळंच. मला पाहताच त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचा घट लय दाट आलता. तुमच्यासाठी ठेवलाय, वाका जरा." मी वाकलो. दुसरं काय करणार?

दिपेशभाईंना म्हटलं, जिथे घट बसला तिथे आता स्कूटर लावणार का? ते हात जोडून म्हणाले, "साब, माताजी नौ दिन बैठती हैं. गाडी तो रोज आती है." मुदत तीच.

लोभ आहेच, तो फोन उचलण्याइतपत वाढावा.

तुझा,
हरिदादा

ता. क. संक्रांतीला तू येशीलच. येताना तुमच्या नर्सरीतल्या फुललेल्या प्रिमरोझच्या पाच-सहा कुंड्या आण आणि अंधार पडल्यावर फाटकातून आत ये. मी त्या माझ्या म्हणून ठेवीन. माझं नाव हरिश्चंद्र आहे हे मला ठाऊक आहे, तू आठवण करून देऊ नकोस.

ता. ता. क. काल रात्री पाकीट चिकटवण्याआधी तुझ्या वहिनीने पत्र वाचलं, उठली आणि फ्रिजच्या दारातल्या बटरच्या कप्प्यातून तुझ्या अक्षरातली पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. न फोडलेली. मी पेरला तो तिचा उपवासाचा राजगिरा. (उरल्यासुरल्या कोंबांची विमलाबाईंनी काल भाजी केली. बरी झाली होती.) तेव्हा कुंड्या आणू नकोस. खरं बी आज सकाळी पेरलं, वर माती घातलेली नाही. तुझ्या हिशेबाने फुलं होळीच्या सुमाराला येतील आणि मुदत आहे जानेवारीची. म्हणून एवढंच कर: दिपेशभाईंना फोन करून हे इंग्रजीत सांग. मी मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, त्यांना ती सबब वाटते.

विमलाबाईंना विचारलं, होळीपर्यंत थांबाल ना? म्हणाल्या, "मी तं बसलेलीच हाय. घाई त्या गाड्यांना हाय."